भागरताची वीत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिखटाचा डबा जागेवर ठेवणं. रविवारची दुपार होती. मी चक्कीवरून तिखट आणलं, डब्यात भरलं आणि डबा चुलीच्या उजव्या अंगाला ठेवला. माझी बायको भागरता पाटावर बसली होती. तिनं चुलीच्या कडेला अंगठा ठेवला, करंगळी ताणली, मग करंगळीच्या जागी अंगठा आणून पुन्हा ताणली. अशा दोन विती झाल्या. डबा दोन बोटं पुढं गेला होता. "अजी, दोन बोटं अलीकडं घ्या," ती म्हणाली. मी घेतला. "आता अर्धं बोट पलीकडं." तेवढा सरकवला. "आता रावू द्या," म्हणाली आणि झाकणावर दोनदा टिचकी मारली. वस्तू जागेवर बसली की ती तशी टिचकी मारायची, आम्ही डेपोत लाकडावर हातोड्याची खूण मारायचो तशी. सोमवारी सकाळी ती गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. आलापल्लीच्या लाकूड डेपोत तीस वर्षं टेप धरला. सागाच्या गोलाला, म्हणजे ओंडक्याला, टेप गुंडाळायचा, आकडा ओरडून सांगायचा, कारकून लिहून घ्यायचा. अर्ध्या इंचाची चूक झाली तर दहा माणसांत पाणउतारा. त्यानं नजर तयार झाली आणि स्वभावही तसाच झाला. डेपोतून लाकूड हलायचं, कोण हलवतो ते सापडायचं नाही. म्हणून आम्ही थप्पीच्या टोकाखाली एक खडा ठेवायचो. कुठं ठेवला ते ठेवणाऱ्यालाच माहीत. खडा सरकलेला दिसला की समजायचं, इथं कोणाचा तरी हात लागला. ही सवय मी घरी घेऊन आलो. पेटीखाली एक खडा, ढोलीखाली एक. ढोली म्हणजे आमच्याकडची धान ठेवायची बांबूची उंच कोठी. भागरता झाडताना तो खडा उचलायची, झाडायची आणि परत तिथंच ठेवायची. मला सांगायची, "तुमचा चौकीदार बसवला जी जाग्यावर." मला वाटायचं, बायको थट्टा करते. थट्टाच करायची, पण खडा कधी एक बोटही चुकला नाही.

घराच्या भिंती पक्क्या होत्या, कागद कच्चा होता. जागेचा पट्टा माझ्या नावानं नव्हता. अर्ज दिले, साहेब बदलले, पुन्हा अर्ज दिले. मधूनमधून कोणीतरी यायचं, मोजून जायचं, आणि पुढचे आठ-पंधरा दिवस रस्त्यावर गाडी वाजली की आम्ही दोघं उठून पाहायचो. जंगलातला कायदा मला पाठ होता. ज्या झाडाला टेप लागला आणि खूण झाली ते झाड पडतं. या हंगामात नाही तर पुढच्या हंगामात. त्यामुळं आपल्या घराला दुसऱ्याचा टेप लागू द्यायचा नाही, एवढं एकच मी आयुष्यात धरून होतो. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवा. मला माफ करा असं मी म्हणत नाही, पण मी वेडा नव्हतो.

भागरता सिंदेवाहीकडच्या धानाच्या गावातली. लग्न होऊन आली त्या पहिल्याच दिवशी तिनं माझ्या आईला विचारलं, मिठाचा डबा कुठं राहतो. आई म्हणाली, असेल कुठीतरी. भागरता म्हणाली, "कुठीतरी म्हंजे कुठी?" आईला ते मरेपर्यंत लागून राहिलं. पण महिन्याभरात सैपाकघर भागरताच्या हाताखाली आलं आणि प्रत्येक वस्तूला घर मिळालं. चुलीपासून एका वितीवर लोखंडी तिवई, भाताचा गंज, म्हणजे पातेलं, उतरवून ठेवायला. तिवईच्या बाजूला सांडशी. दोन वितींवर तिखट, तीनवर मीठ. कोणी काही हलवलं की तिला न पाहता समजायचं. ती म्हणायची, "मानूस हरवला तं पोलिसात जाता येते. सांडशी हरवली तं कुठी जाव?" मी डेपोतून आलो आणि माझी फुशारकी सुरू झाली, की आज इतके गोल मोजले, तर ती भाकरी थापता थापता म्हणायची, "साऱ्या जंगलाले मोजलं तुमी. घरचं मीठ कुठी हाये थे सांगा." मला कधी सांगता आलं नाही.

ती फार बोलणारी नव्हती. गोड तर मुळीच नव्हती. आमची एकच मुलगी, शालू. ती सासरी जाताना बाया रडत होत्या आणि भागरता तिला सांगत होती, "नव्या घरी जाशीन तं पयले मिठाची जागा पाय. सासूचं तोंड मंग पाय." शालू रडता रडता हसली. मी मात्र विचार करत बसलो, की सासूच्या तोंडाबद्दल ही असं म्हणते, म्हणजे माझ्या आईबद्दल हिच्या मनात काय असेल. माझं डोकं असंच चालतं. सरळ लाकूड दिसलं तरी मी आधी ठोकून पाहतो, आतून पोकळ तर नाही.

मी घरी बसल्यावर समोरची खोली जब्बारभाईला भाड्यानं दिली. अहेरीचा माणूस, बाप रेडिओ दुरुस्त करायचा. जब्बार तेव्हा चाळिशीचा, दाढीत पांढरं आलेलं, दोन पोरींचा बाप. दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांची गोष्ट असेल. त्यानं पाच कॉम्प्युटर मांडले आणि वायरनं एकमेकांना जोडले. सकाळी लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. दुपारनंतर तिथं लढाईचा खेळ चालायचा. पाच जण पाच पडद्यांसमोर बसायचे, आणि एकाच लढाईत पाचही जण उतरायचे, एकमेकांना गोळ्या घालायला. शाळेतले एक मास्तर यायचे, एक फारेस्ट गार्ड यायचा, सुट्टीवरचे दोघे-तिघे जवान यायचे. सगळे बाप्ये, घरी लेकरंबाळं असलेले. आमच्या भागात बंदुकीचा आवाज आला की लोक दारं लावून घेतात. आणि हे लोक पैसे देऊन तो आवाज ऐकायला बसत. मला पहिल्या दिवसापासून हे सरळ दिसलं नाही.

भागरताला मात्र जब्बार आवडला. कारण विचारलं तर म्हणाली, "त्याच्या टेबलावर पेन जिथचा तिथं रायते." दुपारचा चहा ती त्याला नेऊन द्यायची. आधी देऊन लगेच यायची. मग पाव तास लागू लागला, मग अर्धा. मी ओसरीवर बिडी ओढत बसायचो. मी आत डोकावलो की दोघं बोलता बोलता गप्प व्हायची. काऊन वो, काय चाललं होतं, विचारलं तर म्हणायची, "कुठी काय." आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडं पाहत नव्हती. कानाकडं पाहायची. तीस वर्षं तोंडाला तोंड देऊन भांडलेली बाई आता नजर चुकवत होती. डेपोत जो माणूस नजर चुकवून बोलायचा त्याच्या सायकलच्या पिशवीत काहीतरी असायचंच. मी तेव्हापासून तिच्या पाळतीवर राहिलो.

एक दिवस अहेरीच्या बाजारातून लवकर परत आलो. जब्बार माझ्या सैपाकघरातून बाहेर येत होता आणि खिशात पोलादी टेप सारत होता. मला पाहून, "काकाजी, आज जल्दी?" एवढं म्हणून निघून गेला. मी आत गेलो. सारवलेल्या जमिनीवर खडूच्या खुणा होत्या. तिवईच्या तिन्ही पायांपाशी तीन ठिपके. पाटाच्या चार कोपऱ्यांना चार. ढोलीपाशी भिंतीवर एक उभी रेघ. मी हजारो लाकडांवर खडूची खूण केली आहे, पण माझ्याच घरावर खूण कधी पाहिली नव्हती. भागरताला विचारलं, हा इथं कशाला आला होता. ती म्हणाली, "पाल निंगाली व्हती. हाकलाले बोलावलं." ही बाई पालीचं शेपूट हातानं धरून बाहेर टाकायची. मी तिला तसं सांगितलं. ती माझ्या कानाकडं पाहत म्हणाली, "मोठी पाल व्हती."

मग मी हिशेब बसवला. जब्बारचे अहेरीच्या कचेरीत ओळखीपाळखीचे लोक. सकाळी तो अर्ज टाइप करतो, म्हणजे कोणाचा कागद कच्चा आहे ते त्याला ठाऊक. घर मोजून झालं, खुणा झाल्या, आता दुसऱ्याच्या नावानं कागद होईल. आणि भागरता त्यात आहे. का आहे ते समजत नव्हतं. तिच्या भावानं तिला मागं म्हटलं होतं, म्हातारपणी आमच्याकडं राहायला या म्हणून. म्हणजे हिला जायचं आहे का, मला इथं टाकून? मी जेवताना तिच्या हाताकडं पाहायचो. हात नेहमीसारखे चालत होते, सरळ सांडशीवर, सरळ मिठावर. एवढं सगळं पोटात ठेवून हात एवढे शांत कसे, याचीच मला भीती वाटायची.

त्यानंतरच्या आठवड्यात ओसरीवर बसलो होतो. जब्बारच्या खोलीतून मास्तरचा आवाज आला, "ढोलीच्या मांगं दोघं हायेत." मी उठलो, घरात गेलो आणि ढोलीच्या मागं पाहिलं. कोणी नव्हतं. खडाही जागेवर होता. परत येऊन बसलो तर फारेस्ट गार्ड म्हणत होता, सांडशीवरून चढ, तिवईवर जा, चुलीत नको उतरू. एक जवान म्हणाला, मी मिठाच्या डब्यामागं बसतो. मिठाचा डबा कुठं आहे हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं, ते त्या बाहेरगावच्या पोराला माहीत होतं. साऱ्या आलापल्लीला माझ्या सैपाकघराच्या वाटा पाठ झाल्या होत्या.

मी आत गेलो आणि जब्बारला उभं केलं. त्यानं हात जोडून सांगितलं की हा नुसता खेळ आहे. नागपूरहून आणलेल्या सीडीत एक असा नकाशा होता, की लढणारी माणसं उंदराएवढी आणि ती एका विलायती घरात फिरतात. टेबलाचा पाय म्हणजे झाड, कपाट म्हणजे डोंगर. लोकांना तो आवडला. असे नकाशे घरीही बनवता येतात, ते तो पुस्तकं वाचून शिकला. म्हणून आपल्या इकडचं एक घर बनवलं. "बघा ना काकाजी, तुमचीच चूल आहे," म्हणाला आणि खुर्ची सरकवली. मी पडद्याकडं पाहिलंच नाही. साप दाखवणारा माणूस पिशवीकडं पाहा म्हणतो तेव्हा आपण त्याच्या दुसऱ्या हाताकडं पाहावं. मी विचारलं, "माह्याच घराचा नकाशा काऊन काढला? कोनं सांगितलं तुले?" जब्बारनं घराच्या आतल्या दाराकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "कोनी नाई," म्हणाला. ते एकदा पाहणं मला पुरलं. मी त्याला महिनाअखेर खोली खाली करायला सांगितली. संध्याकाळी भागरताला हे सांगितलं तर तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "थो गेला तं मी बी भावाकडं जातो." माझा संशय पक्का झाला.

आता मला फक्त चोर हातात पकडायचा होता. मी बाहेर गेलो की जब्बार घरात येऊन मोजतो आणि भागरता त्याला येऊ देते, हे सिद्ध करायचं होतं. डेपोतलीच युक्ती. खडा ठेवायचा. पण खडा भागरताला माहीत, म्हणून मी तिवई हलवली. चुलीपासून एका वितीवर असायची, ती आणखी वीतभर लांब भिंतीकडं सरकवली. चार दिवसांनी खेळणाऱ्यांच्या बोलण्यात तिवई नव्या जागी आली, की समजेल, पुन्हा माप झालं. भागरता विहिरीवर गेली होती तेव्हा मी हे केलं. मग मागच्या दारात दोरी वळायचं निमित्त करून बसलो, ही आल्यावर तिवई पाहून काय करते ते पाहायला.

ती आली. पाटावर बसली. भात शिजला होता. सकाळचे दहा वाजले असतील, दारातून उजेड थेट चुलीपर्यंत येत होता. तिनं उजवा हात टाकून सांडशी घेतली, उकळता गंज उचलला, आणि वीतभर बाजूला नेऊन खाली ठेवला. तिथं तिवई नव्हती. तिवई तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, मला दिसत होती, आणि तिनं गंज हवेत ठेवला. गंज कलंडला. सगळा माड, भाताचं उकळतं पाणी, तिच्या पायावर गेला. ती ओरडली नाही. तिनं आधी जमिनीवर हात फिरवला. भाजलेला पाय सोडून ती तिवई चाचपत होती.

आवाजानं जब्बार धावत आला. मी पाण्याची बादली ओतत होतो. त्यानं तिला उचलून ओसरीवर आणलं आणि माझ्यावर खेकसला, "काकाजी, काकीले दिसत नाई. दोन साल झाले." भागरता म्हणाली, तू चूप राय. मग पायावर पाणी पडत असताना तिनं विचारलं, "तिवई कोनं हलवली?"

मी म्हणालो, "मी."

"काऊन?"

मी पायावर पाणी ओतत राहिलो. ती माझ्या कानाकडं पाहत होती. मग म्हणाली, "समजलं. माह्यासाठी खडा ठेवला व्हता तुमी."

दवाखान्यात आठ दिवस होती. तिथं एकेक गोष्ट बाहेर आली. तिला सरळ पाहिलेलं दिसत नव्हतं. जिथं नजर लावावी तेवढंच पुसून जायचं, आजूबाजूचं अंधुक राहायचं. "तोंडाकडं पाह्यलं तं तुमचं तोंड जाते. कानाकडं पाह्यलं तं थोडं तोंड दिसते," तिनं सांगितलं. म्हणजे ती नजर चुकवत नव्हती. मला पाहायला तिला तेवढा एकच रस्ता उरला होता, आणि मी त्यालाच चोरी म्हणत होतो. सैपाक ती विती मोजून करत होती. चहा द्यायला गेली असताना एकदा तिनं त्या विलायती घराचा नकाशा पाहिला. तिथला चमचा केवढा, तर आमच्या डेपोतल्या गोलाएवढा. पडद्याला नाक लावलं की तो तिला दिसला. दोन वर्षांत तिला पहिल्यांदा एक चमचा स्वच्छ दिसला. तिनं जब्बारला विचारलं होतं, "हे कोनाचं घर व्हय? या घरात चूल नाई." आणि मग म्हणाली होती, "माहं बनवशीन का?"

जब्बारनं टेपनं मापं घेतली, कोणाकडून तरी कॅमेरा आणून भिंतीचे, जमिनीचे, डब्यांचे फोटो काढले. पण खरी मापं तिनं सांगितली. डबा एवढ्या वितींवर, पाट तेवढ्या. चुकलं की पुन्हा करायला लावायची. मग ती रोज अर्धा तास तिथं बसून स्वतःचं सैपाकघर पाहायची. तिवईच्या कडेवरचा जंग, झाकणाचा पोचा, ढोलीच्या विणीतली तुटलेली कामटी. ते सगळं घरात असून तिला दिसत नव्हतं, समोरच्या खोलीत दिसत होतं.

मी विचारलं, जब्बारले सांगितलं, मले काऊन नाई सांगितलं? दवाखान्यातल्या दुसऱ्या बाया ऐकत होत्या. तिला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाली, "तीस वर्सं तुमच्या तोंडून एकच आयकलं जी. डागी लाकूड थप्पीतून बाजूला काढाव लागते. मले का माहीत, तुमी मले कुठी टाकसान." मी म्हणालो, बायको आणि लाकूड एक आहे का? ती म्हणाली, "थे तुमी सांगा. तिवई तुमी हलवली."

चंद्रपूरच्या डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यामागचा पडदा सुकत चालला आहे, याला ऑपरेशन नाही. पाय महिन्यात बरा झाला, नखं गेली ती पुन्हा वाकडी आली. जब्बारला मी राहू दिलं. त्याची माफी मागितली नाही. एक दिवस त्याच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, दाव. त्यानं दाखवलं. मी माझ्याच जमिनीवर उभा होतो, उंदराएवढा. तिवईचे पाय जुन्या सागाएवढे उंच, वर पाहावं तर मान दुखेल. खाली तीन पांढरे ठिपके, खडूचे. मी त्या पायांना टेप कसा लावावा याचा विचार करत बसलो. शेजारून एका जवानानं मला गोळी घातली.

पुढची चार वर्षं मी तिचा मांडणारा गडी झालो. ती पाटावर बसून बोटांत सांगायची आणि मी सरकवायचो. पण तिनं माझ्यावर पूर्ण भरवसा पुन्हा कधी ठेवला नाही. मी ठेवलेली वस्तू ती वीत लावून तपासायची, मगच टिचकी. तिवई तर रोज. सकाळी चूल पेटवण्याआधी अंगठा चुलीला, करंगळी तिवईला. मी समोर बसलेला असलो तरी. मी एकदा वैतागून म्हणालो, आता कशाला, मी हात बी नाई लावला. ती म्हणाली, "तुमीच शिकवलं जी. खडा रोज पाहाव." तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

दुपारी ती खेळात फिरायची. जब्बारनं तिला चार बटणं शिकवली होती, पुढं, मागं, डावं, उजवं. गोळी मारायचं तिनं शिकून घेतलं नाही. पाच जणांची लढाई चालू असायची आणि त्यात एक माणूस बंदूक घेऊन मिठाच्या डब्याभोवती नुसता फेऱ्या मारायचा, ती भागरता. कोणी तिला मारलं की म्हणायची, "माह्या घरात मलेच मारते. चप्पल काढून तरी आला का?" मास्तर खुर्चीवरून पडायचे हसून. हळूहळू खेळणारे कमी झाले, जवानांच्या बदल्या झाल्या, कॉम्प्युटर बिघडत गेले. शेवटी एकच चालू राहिला. तो जब्बारनं विकला नाही. कोणासाठी ठेवला ते मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ती पाटावर बसली, छातीला हात लावला आणि भिंतीला टेकली. मी गाडी आणेपर्यंत संपलं होतं. दुपारी शालू आली. संध्याकाळपर्यंत नेऊन परत आलो. बायांनी पाणी तापवायला भांडी काढली होती, घर धुतलं होतं, सैपाकघर सारवलं होतं. सगळं सामान एका कोपऱ्यात रचलेलं. सांडशी ढोलीवर, तिखट खिडकीत, तिवई मागच्या दारात पालथी. दर सारवणानंतर ती पुन्हा काढायला लावायची त्या खडूच्या खुणा शेणाखाली गेल्या होत्या. ढोलीखालचा खडाही कोणीतरी झाडून नेला. बायांचा दोष नाही, घर शुद्ध करावंच लागतं. तरी मी एकेकीच्या हाताकडं पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सैपाकघरात गेलो. तिवई उचलली आणि चुलीपाशी उभा राहिलो. वीत लावली. माझी वीत. ती कुठंतरी भलतीकडंच पोचली. तीस वर्षं आणि वर चार वर्षं तिचा हात जमिनीवर पसरलेला पाहिला, पण तो किती लांब ते मी कधी मोजलं नव्हतं. मी टेपवाला माणूस.

जब्बारनं दुकान बंद ठेवलं होतं, पण तो आतच होता. मी त्याच्या खोलीचं दार वाजवलं. मशीन सुरू कर म्हटलं. त्यानं केली. सैपाकघर पडद्यावर आलं, सगळं जिथल्या तिथं, डब्यांची झाकणं लावलेली. मी विचारलं, "हे सारं कोन्त्या मापानं केलं?"

"काकीच्या वितीनं," तो म्हणाला. "टेपनं केलं तं त्यांना पसंत नव्हतं. म्हणून मी त्यांचा हात मोजला. साडेसात इंच."

मी घरी आलो. शालू उठली होती. म्हणाली, बाबा, चूल तर पेटवायची नाही, शेजारच्या मावशीकडून चहा येतो आहे, तुमी बसा. आणि माझ्या हातात करवत पाहून विचारलं, हे काय करून राह्यले? मी परसात गेलो. तिथं सागाची एक फळी होती, जुन्या खिडकीची. तिच्यावर टेप लावला, साडेसात इंचावर पेन्सिलची रेघ मारली आणि तेवढी पट्टी कापली. कडा दगडावर घासल्या. मग सैपाकघरात आलो, तिच्या पाटावर बसलो आणि पट्टीचं एक टोक चुलीच्या कडेला लावलं.

तिवईपासून सुरुवात केली.